सोळा आणे फेड

मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी गेल्या महिन्यात बँकेत गेलो होतो. सहअर्जदार म्हणून वडिलांची सही लागते, म्हणून माझाही ‘सिबिल’ अहवाल काढण्यात आला. साहेबांनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. २०१३ साली मी छापखान्यासाठी कर्ज काढून ऑफसेट मशीन घेतले होते. पुढे लग्नपत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या, हप्ते थकले आणि २०१८ मध्ये बँकेने तडजोडीत पावणेदोन लाख रुपये सोडून खाते मिटवले. त्या दिवशी मी पेढे आणले होते. खाते मिटले, पण अहवालात त्याच्यापुढे ‘सेटल्ड’ असा शब्द बसला. त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला. या माणसाने घेतले होते त्यापेक्षा कमी परत केले, एवढेच तो शब्द पुढच्या प्रत्येक सावकाराला सांगत राहतो.

घरी आलो तो खट्टू होऊन. कपाटातले मार्क ट्वेनचे चरित्र सहज हाती घेतले. शाळेत ‘टॉम सॉयर’ वाचून ज्याच्यावर जीव जडला, तो हा हसवणारा लेखक. त्याचे दिवाळे निघाले होते हे ठाऊक होते. पण त्या रात्री ती हकिगत मी प्रथमच थकबाकीदाराच्या डोळ्यांनी वाचली.

त्याचे खरे नाव सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. बालपण मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात गेले. कर्ज त्याच्या घरात लहानपणापासूनच होते. वडील सचोटीचे, पण व्यवहारात सतत खोटीत आलेले. टेनेसी राज्यात घेतलेली हजारो एकर जमीन एक दिवस आपल्याला श्रीमंत करील, या आशेवर ते जगले आणि सॅम ११ वर्षांचा असताना गेले. पोराने छापखान्यात उमेदवारी केली, खिळे जुळवले. पुढे नदीवरच्या आगबोटीचा तांडेल झाला. यादवी युद्धाने ते काम बंद पडल्यावर पश्चिमेकडे जाऊन त्याने वार्ताहरकी धरली आणि १८६३ मध्ये ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव घेतले. बोटीवरच्या भाषेत त्याचा अर्थ दोन वाव पाणी, म्हणजे बोट तरून जाईल इतकी खोली.

१८७० मध्ये कोळशाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, ऑलिव्हियाशी, त्याचे लग्न झाले. हार्टफर्डला टोलेजंग घर उभे राहिले, पुस्तके खपू लागली, तीन मुली झाल्या. एवढ्यावर समाधान मानले असते, तर पुढची हकिगत घडलीच नसती. पण वडिलांच्या टेनेसीच्या जमिनीचे स्वप्न लेकाच्या रक्तात उतरले होते.

प्रकाशक आपल्याला लुबाडतात असे वाटून १८८४ मध्ये त्याने स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली आणि कारभार भाचीच्या नवऱ्याकडे, चार्ल्स वेब्स्टरकडे सोपवला. सुरुवात दृष्ट लागण्यासारखी झाली. माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट भागीदाराच्या लबाडीने कफल्लक झाले होते आणि घशाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळूनही कुटुंबासाठी आठवणी लिहीत होते. ट्वेनने त्यांना इतरांपेक्षा चांगला करार देऊ केला. जुलै १८८५ मध्ये ग्रँट वारले. पुस्तकाचे ३ लाखांवर संच खपले आणि त्यांच्या विधवेला पहिलाच धनादेश २ लाख डॉलरचा मिळाला. एका कर्जबुडीत कुटुंबाला असा वर काढणारा हा गृहस्थ दहा वर्षांच्या आत स्वतःच बुडाला.

बुडण्याची कारणे दोन. पहिले कारण जेम्स पेज नावाच्या संशोधकाचे खिळे जुळवणारे यंत्र. सुमारे १८ हजार सुट्या भागांचे ते यंत्र चालत असले की माणसापेक्षा हुशार वाटे. पण बहुतेक वेळ ते दुरुस्तीलाच असे. स्वतः खिळे जुळवलेल्या ट्वेनला त्याची किंमत कळत होती, आणि तेच नडले. दर महिन्याला हजारो डॉलर त्यात जात राहिले. दरम्यान १८८६ मध्ये मर्जेन्थालरचे साधे, दणकट लायनोटाइप वर्तमानपत्रांत आले आणि टिकले. माझे ऑफसेट मशीन मला इथे आठवल्यावाचून राहिले नाही.

दुसरे कारण उधारीचा धंदा. संस्थेने अमेरिकन साहित्याचा अनेक खंडांचा संच हप्त्यांवर विकायला काढला. छपाई, बांधणी, विक्रेत्यांची दलाली हे सारे आधी रोख द्यायचे आणि गिऱ्हाईक मात्र महिन्याला थोडेथोडे देणार. त्यामुळे विक्री वाढली की कर्जही वाढे! १८९१ मध्ये खर्च झेपेना म्हणून हार्टफर्डचे घर बंद करून कुटुंब युरोपात गेले. १८९३ मध्ये अमेरिकेत आर्थिक घबराट उडाली, बँका कोसळल्या आणि ज्या तगून राहिल्या त्यांनी मुदती वाढवून देणे थांबवले. १८ एप्रिल १८९४ रोजी संस्थेचे दिवाळे निघाले. सावकारांचे देणे सुमारे १ लाख डॉलर होते आणि ट्वेन ५८ वर्षांचा होता. त्याच वर्षाअखेरीस पेजच्या यंत्रानेही मान टाकली.

या वेळी त्याच्यामागे उभा राहिला हेन्री रॉजर्स, स्टँडर्ड ऑइल कंपनीतला बडा माणूस. व्यवहारात निष्ठुर म्हणून ख्याती असलेल्या या गृहस्थाने मित्राचा हिशेब मात्र विनामोबदला हाती घेतला. संस्थेत ऑलिव्हियाचाही पैसा अडकला होता. त्यापोटी तिला पहिली सावकार ठरवून पुस्तकांचे हक्क रॉजर्सने तिच्या नावे करवले. काही सावकार चिडले, पण पुढे याच हक्कांवर घर चालले. ट्वेनला देवमाणूस ठरवण्याच्या भरात हा भाग गाळू नये. त्याच्याजवळ रॉजर्स होता, तुमच्या-माझ्याजवळ नसतो.

पण खरी गोष्ट याच्या पुढची. बहुतेक सावकार निम्म्या रकमेवर हिशेब मिटवायला तयार होते. कायदाही त्याहून जास्त मागत नव्हता. म्हणजे रुपयाला आठ आणे देऊन मोकळे होता येत होते. ऑलिव्हियाला ते पटेना, रॉजर्सचाही सल्ला पूर्ण फेडीचाच होता आणि ट्वेनने तो मानला. लेखकाजवळ विकायला नावाखेरीज दुसरा माल नसतो, हे त्याने ओळखले असावे. ऑगस्ट १८९५ मध्ये त्याने वृत्तपत्रांतून जाहीर केले, की जगलो-वाचलो तर चार वर्षांत शेवटची पैही फेडीन.

तोवर जगभर व्याख्याने देत फिरायला त्याने सुरुवातही केली होती. व्याख्यानांचा त्याला मनस्वी कंटाळा होता. अंगावर गळू आणि छातीत खोकला होता. सोबत पत्नी आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन एल्मायराला मावशीकडे राहिल्या. क्लीव्हलँडहून निघालेला दौरा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन करीत जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला आला. ज्या वॉटसन हॉटेलात तो उतरला, त्याची लोखंडी सांगाड्याची इमारत काळा घोडा भागात आपण येता-जाता पाहिलेली आहे. आल्या आल्या खोकल्याने त्याला खोलीत डांबले. खिडकीतून दिसणाऱ्या मुंबईच्या आगाऊ कावळ्यांवर त्याने पुढे पानेच्या पाने लिहिली. बरे वाटताच नॉव्हेल्टी थिएटरात लोकांना पोट धरधरून हसवले, मग बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राजवाड्यात बोलला आणि पुढे थेट कलकत्त्यापर्यंत गेला. समोर हसणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की तिकिटाचा पैसा न्यूयॉर्कला रॉजर्सकडे आणि तिथून सावकारांकडे जातो आहे?

दौरा संपवून जुलै १८९६ च्या अखेरीस ही मंडळी इंग्लंडला पोहोचली. मुली तिकडे यायच्या होत्या; त्याऐवजी सूझी आजारी असल्याची तार आली. ऑलिव्हिया आणि क्लारा तातडीने बोटीने निघाल्या. त्या समुद्रात असतानाच, १८ ऑगस्टला, मेंदूच्या आवरणाच्या दाहाने २४ वर्षांची सूझी हार्टफर्डच्या त्याच घरात गेली. बाप इंग्लंडमध्ये एकटा होता. आपल्या कर्जापायी लेकीपासून वर्षभर दूर राहिलो, हा सल त्याला जन्मभर पुरला. त्या दुःखातच त्याने प्रवासाचे पुस्तक पुरे केले आणि १८९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १८९८ च्या सुरुवातीला शेवटचा सावकार फिटला. चार वर्षांचा वायदा अडीच वर्षांतच पुरा झाला होता.

१९०० मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा त्याचे वीरासारखे स्वागत झाले. १९०३ मध्ये हार्पर प्रकाशनाने वर्षाला किमान २५ हजार डॉलरची हमी देणारा करार केला. ज्याला पूर्वी बँका मुदत वाढवून देत नव्हत्या, त्याच्या न लिहिलेल्या पुस्तकांवरही आता हमी मिळत होती. खोड मात्र गेली नाही. कर्ज फिटते न फिटते तोच व्हिएन्नात गालिच्याचे नक्षीकाम करणाऱ्या यंत्रावर तो भाळला आणि रॉजर्सला त्याला आवरावे लागले! २१ एप्रिल १९१० रोजी तो गेला, तो कुणाचे देणे न ठेवता.

पुस्तक मिटले तेव्हा सौ. जागीच होती. तिला म्हटले, पावणेदोन लाखांचे काय करायचे? बँक मागत नाही, कायदा मागत नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या शाखेत जाऊन चौकशी केली. सोडलेली रक्कम भरली, तर ‘नो ड्यूज’चा दाखला मिळेल आणि अहवालातला ‘सेटल्ड’ बदलून ‘क्लोज्ड’ करण्यासाठी बँक कळवील, असे तिथल्या बाईंनी सांगितले. गुण लगेच वाढणार नाहीत आणि मुलीचे कर्ज मंजूर होईलच असेही नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

ऑफसेट मशीन शेडमध्ये गंजत पडले होते. ते परवा भंगारात दिले. आलेल्या पैशात थोडी भर घालून पहिला भरणा केला आहे. पावतीवर ३५ हजारांचा आकडा आहे. बाकी १ लाख ४० हजार.