फादर थॉमस स्टीफन्स

चऱ्होलीच्या विद्यार्थ्यांस ओवी म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. इंद्रायणीच्या काठाने थोडे चालून गेले की आळंदी येते, आणि ज्ञानेश्वरमहाराजांची ओवी ह्या बाजूस सर्वांच्या कानांवर पडतच असते. परंतु ह्याच छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचा एक ख्रिस्ती ग्रंथ चारशे वर्षांपूर्वी रचला गेला, आणि तो रचणारा पुरुष जन्माने इंग्रज होता, हे सांगितले म्हणजे पुष्कळांस नवल वाटते. भस्म बुधवार जवळ आला की धर्मग्रामातील मंडळी उपवासकाळाच्या तयारीस लागतात. ह्या तयारीशी त्या ग्रंथाचा फार निकटचा संबंध आहे, म्हणून त्याच्या कर्त्याचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक लोकांस उघडपणे उपासना करण्याची मोकळीक नव्हती. पकडले गेल्यास तुरुंग ठरलेला. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. पुढे हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मिळताच ते लिस्बनला आले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज निघाले. त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण १९ एप्रिलला होता. म्हणजे उपवासकाळ सरावयास अवघा पंधरवडा राहिला असता त्यांनी किनारा सोडला, आणि सण उगवला तो भर समुद्रात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. ह्या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांस पत्राने कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले व तेथील व्यापारी मंडळींनी आवडीने वाचले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार बहुधा त्यांचेच नाव घेतात.

गोव्यात त्यांस सासष्टी हा प्रांत नेमून देण्यात आला. मुंबईजवळची साष्टी ती ही नव्हे. ही मडगावच्या आसपासची. येथेच त्यांचे पुढील सुमारे चाळीस वर्षांचे आयुष्य गेले. तेथील परिस्थिती सोपी नव्हती, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी ह्या प्रांतातील देवळे पाडली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी येशूसंघाच्या पाच धर्मगुरूंस व त्यांच्या बरोबरच्या मंडळींस ठार केले. त्यावर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून नेऊन दग्याने मारले. अशा रक्ताळलेल्या भूमीत एका परक्या माणसाने लोकांची भाषा शिकावयास आरंभ केला. त्याच वर्षी भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी ह्या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे असे नमूद केले. ही गोष्ट विद्वानांच्या ध्यानात पुरती येण्यास आणखी दोनशे वर्षे लागली.

आता उपवासकाळाकडे वळू. त्या काळचे नियम आजच्यापेक्षा पुष्कळ कडक होते: चाळीस दिवस मांस वर्ज्य, आणि दिवसातून एकदाच पुरे जेवण. सासष्टीच्या नवख्रिस्ती कुटुंबांस उपवास मुळीच अपरिचित नव्हता. एकादशी त्यांच्या आजाआजींनी पाळलेली होती. परंतु एकादशीचा उपवास नुसता पोटाचा नसतो. रात्री देवळात किंवा ओसरीवर पुराण लागते, पोथी सांगितली जाते, आणि उपाशी मन त्या कथेने भरते. नव्या धर्मात आल्यावर ही जुनी पुराणे त्यांस बंद झाली. चर्चमध्ये जे वाचले जाई ते लॅटिन, म्हणजे ऐकणाऱ्यांस केवळ ध्वनी. राख कपाळास लागे, पोट रिकामे राही आणि कानही रिकामेच राहत. ही उणीव लहान आहे असे ज्यास वाटेल त्याने एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून रोजची पोथी काढून घेऊन पाहावी.

आपल्या ग्रंथाच्या आरंभी फादर स्टीफन्स ह्यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. रविवारी धर्मशिक्षण चालू असता नवख्रिस्ती मंडळींपैकी एकजण उठून विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही मना केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? प्रश्न अगदी रास्त होता, आणि फादरांना तो लागला. त्यास उत्तर म्हणून त्यांनी जे लिहिले ते आज ख्रिस्तपुराण ह्या नावाने प्रसिद्ध आहे. बोली कोकणी असली तरी पुराणाची भाषा मराठी, हे ओळखून त्यांनी मराठीत लिहिले. तथापि लोकांस समजावे म्हणून कोकणी शब्दही मधूनमधून घातले. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले. मराठीची त्यांनी जी स्तुती केली आहे ती तर शाळेतील मुलांसही ठाऊक असते.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, नोहा, अब्राहाम आणि पुढील जुन्या कराराची कथा. दुसऱ्यात प्रभु येशूचे चरित्र. त्या काळी भस्म बुधवारापूर्वीचे तीन रविवार तयारीचे म्हणून पाळीत. १९७० पासून ते चर्चच्या पंचांगातून निघाले. ह्या तीन आठवड्यांत धर्मगुरूंच्या नित्य प्रार्थनेत अनुक्रमे आदाम, नोहा व अब्राहाम ह्यांच्या कथा येत. मग उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपवासाचे शुभवर्तमान, आणि झावळ्यांच्या रविवारी त्याच्या दुःखसहनाचे. धर्मगुरू जी कथा लॅटिनमध्ये मनाशी वाचीत असत, तीच आता गावातील शेतकऱ्यास ओवीत ऐकावयास मिळू लागली. रविवारी व सणाच्या दिवशी मिस्सा झाल्यावर चर्चमध्ये हे पुराण वाचले जाई व लोक मोठ्या आनंदाने ऐकत; उपवासकाळाचे रविवारही त्यात आलेच.

१६१६ साली रायतूर येथे हा ग्रंथ छापून निघाला, तेव्हा फादर सदुसष्टीच्या घरात होते. तो छापला मात्र रोमन अक्षरांत. ह्याचे त्यांस फार वाईट वाटत असावे, कारण १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांस लिहून ह्या देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती. अडचण अशी की, युरोपच्या लिपीस चोवीस साचे पुरतात, येथील जोडाक्षरांसह सुमारे सहाशे लागले असते. तो बेत तडीस गेला नाही. १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ साली व कोकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. ह्या भाषेचे छापलेले ते पहिले व्याकरण होय.

पुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे वारे फिरले. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या राज्याच्या आश्रयाने फादर येथे आले, त्याच राज्याने त्यांच्या परिश्रमाच्या मुळावर घाव घातला, असे आम्हांस वाटते. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांवर. गोवा सोडून दक्षिणेस कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी नकला करून तो जपला व गाइला. त्यांवरूनच १९०७ साली जोसेफ सालढाणा ह्यांनी मंगळूर येथे त्याची चौथी आवृत्ती काढली. तीही रोमन लिपीतच होती. फादर स्टीफन्स ह्यांना हवी असलेली लिपी त्यांच्या पुराणास छापील रूपात लाभली ती १९५६ साली, पुण्यात, शांताराम बंडेलू ह्यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा.