उंदरांच्या पिढ्या आणि कमल रणदिवे

आईला स्तनाचा कर्करोग झाला म्हणजे मुलीलाही होणारच का? नागाव, चौल, रेवदंड्याकडून आमच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बायका हे दबक्या आवाजात विचारतात. बहुधा घरात लग्नाची मुलगी असते. आनुवंशिकतेचा हाच प्रश्न १९४०च्या दशकात मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी हाती घेतला होता.

जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा. त्या वळल्या जीवशास्त्राकडे. एम.एस्सी.ला विषय सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा. लग्नानंतर मुंबईचे टाटा रुग्णालय आणि १९४९मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.

जनुक वाचायचे तंत्र तेव्हा नव्हते. मग हाताशी उरले उंदीर. सख्ख्या भावंडांचा संकर निदान २० पिढ्या केला, की त्या वाणातले सगळे उंदीर जवळपास एकसारखे होतात. एका वाणात स्तनाच्या गाठी सर्रास, दुसऱ्यात क्वचित; दोन्हींच्या स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहायच्या. पण यात एक गुंता होता. अमेरिकेत बिटनर यांनी १९३६मध्ये दाखवले होते, की गाठी होणाऱ्या वाणाची पिल्ले दुसऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर वाढवली तर गाठी कमी होतात. दुधातला तो घटक पुढे विषाणू ठरला. आईकडून आलेले सगळेच जनुकांतून आलेले नसते! म्हणून कमलताईंनी आनुवंशिकतेबरोबर संप्रेरके आणि विषाणूही अभ्यासले. (हे उंदरांचे झाले. बायकांनी बाळाला पाजणे सोडू नये. स्तनपानाने आईचा धोका उलट कमी होतो.)

अमेरिकेतून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२मध्ये पद्मभूषण, २००१मध्ये निधन.

माणसांत असे संकर करता येत नाहीत. म्हणून मेरी-क्लेअर किंग यांनी अनेक बायका आजारी असलेली घराणी घेतली आणि गुणसूत्राचा कोणता तुकडा आजारी बायकांकडे सामाईक उतरला आहे ते शोधले. १९९०मध्ये तो १७व्या गुणसूत्रावर सापडला. १९९४मध्ये बीआरसीए-१ हे जनुक हाती आले.

स्तनाच्या १०० कर्करोगांपैकी आनुवंशिक साधारण ५ ते १०च. आजार कमी वयात झाला असेल, आई-मावशी किंवा आत्या दोघींना असेल, बीजांडकोशाचा कर्करोग घरात असेल, तर चाचणीचे विचारावे. शक्यतो आधी आजारी बाईचीच करावी. आणि वडिलांकडची बाजू विसरू नये, दोष तिकडूनही येतो. कमलताईंची संस्था आता खारघरला आहे, आपल्याच रायगड जिल्ह्यात.