मनूचा नियम, मोशेचा नियम आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या वाचकांना नवे नाही. केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली, बाईंचे मराठी बायबल या गोष्टी शब्बाथ शाळेतच आपल्या कानी पडतात. परंतु या चरित्रातील एक धागा निराळा काढून पाहावा, असे मला फार दिवस वाटत होते. स्त्रियांविषयीच्या कठोर शास्त्रवचनांशी या बाईंचा जन्मभर संबंध आला, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात तो प्रश्न बुडून गेला असे आपण समजतो ते बरोबर नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कडवे सनातनी. तरीही त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्याबद्दल उडुपी येथे पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला, तेव्हा त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून दाखविले. रूढी एक सांगते आणि ग्रंथ दुसरे सांगू शकतो, हा धडा मुलीला घरातच मिळाला. १८७४ च्या दुष्काळात आईबाप गेले. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पडद्यातील स्त्रियांना शास्त्रोक्त स्त्रीधर्म सांगावा, अशी विनंती तेथेच त्यांना झाली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे प्रथमच बारकाईने वाचली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, इतर सर्व बाबतींत या ग्रंथांचे एकमेकांशी पटत नव्हते. पण स्त्रीजात मुळातच दुष्ट आहे आणि तिला स्वतंत्रपणे मोक्ष नाही, यावर मात्र सर्वांचे एकमत होते. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले आणि पदरी लहानगी मनोरमा राहिली. पुण्यास येऊन त्याच वर्षी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली व आर्य महिला समाज स्थापिला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींनी त्यांना लंडनजवळील फुलहॅम येथील आपले कार्य दाखविले. जगाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागविले जात होते. रमाबाई चकित झाल्या, कारण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला नियम त्यांना ठाऊक होता: पतीला डावलणाऱ्या स्त्रीला राजाने भर लोकांत कुत्र्यांकडून फाडवावे. या स्त्रियांची दया का करावी, हे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू कसा बोलला, हे रमाबाईंनी तेथे वाचले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपली व्याख्याने बहुधा येथे थांबतात. मनू कठोर, ख्रिस्त दयाळू, गोष्ट संपली! पण माझ्या मेजावर भाषांतरासाठी अनुवादाचा बाविसावा अध्याय उघडलेला असतो, तेव्हा मला एवढ्या सहज थांबता येत नाही. वधू कुमारी नसल्याचे ठरले तर बापाच्याच दाराशी तिला दगडमार करावा, असे तेथे लिहिले आहे. वाग्दान न झालेल्या कुमारीला धरून जो भ्रष्ट करील, त्याने तिच्या बापाला पन्नास शेकेल रुपे द्यावे व तिला बायको करावी, असेही आहे. मनूला लावलेली मोजपट्टी मोशेला लावावयाची की नाही?

माझ्या मते लावली पाहिजे. मात्र मजकूर नीट वाचून. त्याच अध्यायात व्यभिचाराला स्त्री व पुरुष दोघांनाही मरणदंड आहे. रानात जिच्यावर बळजबरी झाली ती निर्दोष ठरते. तिने आरोळी मारली असेल आणि वाचविणारा कोणी नसेल, असे नियमच तिच्या बाजूने गृहीत धरतो. पन्नास शेकेलांच्या नियमात पुरुषाला ती स्त्री जन्मभर टाकता येत नाही, म्हणजे जिला दुसरे कोणी पत्करणार नव्हते तिच्या पोटाची सोय होते. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील याच प्रकारच्या नियमात तर बापाला मुलगी देण्याचे नाकारता येते. इतके सगळे ध्यानात घेऊनही एक गोष्ट उरतेच: त्या मुलीला कोणी विचारत नाही. हे झाकण्यासाठी सौम्य शब्द घालण्याचा मोह भाषांतरकाराला होतो. पुष्कळ टीकाकारांनाही झाला आहे.

मंडळीतही रमाबाईंना बंधने भेटलीच. चेल्टनहॅम येथे त्या असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. येथील लोकांत त्यांच्या नावाला बाध येईल, हे कारण. बाईंना फार वाईट वाटले. आपली आई पुरुषांना शिकवी, आपणही शिकवीत होतो, आणि वडिलांनी वा पतीने त्याला कधी आडकाठी केली नाही, याची आठवण त्यांनी पत्रातून करून दिली. सनातनी शास्त्रीबुवा बिशपांपेक्षा मोकळे निघाले, हे वाचताना हसूही येते आणि लाजही वाटते.

अमेरिकेत १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले व मनूचे नियम जगापुढे मांडले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे केडगावी मुक्ती सदनाबरोबर कृपा सदनही उभे राहिले, ते वाममार्गाला लागलेल्या वा लावलेल्या स्त्रियांसाठी. फुलहॅम येथे जे पाहिले होते ते त्यांनी दौंडजवळच्या माळावर केले. दगडमाराच्या नियमावर त्यांचे भाष्य पाहावयाचे असेल, तर मी कृपा सदनाकडे बोट दाखवीन.

अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या, खेड्यातील बाईला कळेल अशा मराठीत आणण्यात घालविली. जी स्त्री मनूचा कठोर नियम सभेत उघड वाचून दाखवी, तिने मोशेचा कठोर नियमही आपल्या मुलींच्या हाती पूर्ण दिला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या आणि १९२४ साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. तेथे खिळे जुळविण्याचे काम मुली व स्त्रियाच करीत. अनुवादाचा बाविसावा अध्यायही तेथेच जुळला.