मजुरीला महागाईची जोड देणारे बाबासाहेब

पानशेत खोऱ्यात भातलावणीला जाणाऱ्या किंवा धरणाकाठच्या हॉटेलांत राबणाऱ्या आपल्या बांधवांच्या मजुरीला किमान वेतनाचा आधार आहे. तो कोणामुळे, हे आपल्यातही अनेकांना ठाऊक नाही. संविधानाचे शिल्पकार बाबासाहेब घरोघरी पोचले, मजूरमंत्री बाबासाहेब मागे राहिले.

मोबदला गोठला की माणूस कसा पिळला जातो, हे त्यांना महारवतनावरून कळले होते. इनामाचा तुकडा आणि बलुत्याचे धान्य, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या गावची आणि सरकारची कामे करायची! १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात त्यांची अनेक वर्षे गेली. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. महायुद्धामुळे धान्य, कापड, सारेच महागले होते. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतन विधेयक मांडले. १९४८ साली कायदा झाला, तेव्हा हे खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. म्हणून श्रेयाची गल्लत होते. दर ५ वर्षांच्या आत दरांचा फेरविचार आणि राहणीखर्चाच्या निर्देशांकानुसार बदलणारा विशेष भत्ता, हा कायद्याचा गाभा. शेतमजूरही त्यात आला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. महाराष्ट्रात विशेष भत्ता आजही दर सहा महिन्यांनी जाहीर होतो. मूळ दर मात्र अनेक उद्योगांत ५ वर्षे उलटून गेली तरी जागचे हलत नाहीत.