थॉमस बोल्सोव्हर : चांदी-तांब्याची जोडी जुळवणारा कारागीर

इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर चाकू-सुऱ्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर थॉमस बोल्सोव्हर (१७०५-१७८८) यांनी १७४३च्या सुमारास एका सुरीची मूठ दुरुस्तीला घेतली. मुठीत चांदी आणि तांबे दोन्ही होते. काम करताना ती जास्त तापली आणि दोन्ही धातू एकमेकांना घट्ट चिकटले, असे सांगितले जाते. ठोकून किंवा रोलरमधून दाबून काढल्यावरही हा जोड सुटत नाही, दोन्ही धातू एकाच पत्र्यासारखे पसरतात, हे बोल्सोव्हर यांनी हेरले.

चांदी सुमारे ९६२, तर तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. पण दोघांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण ७८० अंशांच्या आसपासच वितळते. त्यामुळे दोन्ही धातू जिथे टेकतात तिथे पातळ द्रवथर तयार होतो आणि तोच डाखाचे काम करतो. यासाठी तांब्याच्या घासून लख्ख केलेल्या विटेवर चांदीचा पत्रा तारेने बांधत, कडांना टाकणखार लावत आणि वीट भट्टीत ठेवत. कडेची चांदी पाझरू लागताच ती बाहेर काढायची. उशीर झाला की चांदी तांब्यात मुरून माल वाया. कल्हई भांडे घडवल्यावर होते. इथे मात्र जोड आधी, वस्तू नंतर.

बोल्सोव्हर यांनी उसने पैसे घेऊन बटणे बनवायला सुरुवात केली. चांदीसारखी दिसणारी ही बटणे बरीच स्वस्त पडत. मात्र त्यांनी पेटंट घेतले नाही. जोसेफ हॅनकॉक आणि इतरांनी याच पत्र्यापासून मेणबत्तीदाण्या, कॉफीपात्रे घडवली आणि ‘शेफील्ड प्लेट’चा मोठा धंदा उभा राहिला. बोल्सोव्हर पुढे करवतींसाठी पोलादी पत्रे लाटण्याकडे वळले. १८४०नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची पद्धत आली आणि शेफील्ड प्लेट मागे पडली.

भिन्न धातूंचे पत्रे जोडण्याची कल्पना मात्र टिकली. आज स्वच्छ केलेले पत्रे न तापवताही प्रचंड दाबाखाली लाटतात. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर तडकतो आणि आतला ताजा धातू एकमेकांना भिडतो. नंतर बेताची उष्णता दिली की अणू एकमेकांत शिरून जोड पक्का होतो. अतिउष्णतेने मात्र अनेक जोड्यांत मधला थर ठिसूळ बनतो. स्टीलच्या दोन थरांत ॲल्युमिनियम असलेली ‘ट्रायप्लाय’ कढई अशाच लाटलेल्या पत्र्याची असते: उष्णता पसरवायला ॲल्युमिनियम आणि अन्नाला लागायला स्टील.