बूमरँगवाल्या वॉकर साहेबांना पाऊस काही सापडला नाही, पण अल निनोचा धागा सापडला

जूनमध्ये पाऊस लांबला की बुटीबोरीच्या चहाटपरीवर एमआयडीसीतला कामगार आणि कपाशीवाला शेतकरी एकाच विषयावर येतात. यंदा अल निनो आहे म्हणे! या चर्चेच्या मुळाशी एक इंग्रज साहेब आहेत, गिल्बर्ट वॉकर.

जन्म 1868 चा. केंब्रिजचे अव्वल गणितज्ञ. बूमरँग फेकायचा एवढा नाद की मित्रांनी तेच नाव पाडलं. हवामानाचं शिक्षण शून्य, तरी 1904 मध्ये ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. तेव्हा खात्याची अब्रू गेलेली. 1899 ला चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता आणि पडला भीषण दुष्काळ.

वॉकर यांनी सरळ जगभरातले हवेचा दाब, तापमान आणि पावसाचे आकडे मागवले. कॉम्प्युटर नव्हते, कारकून हातानं गणितं करायचे. त्यातून एक झोपाळा दिसला. पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागरावर घटतो, आणि उलटही. 1924 मध्ये त्यांनी याला 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. पण हे का होतं? ते त्यांना सांगता येईना. टीका झाली. मान्सूनचा पक्का अंदाजही जमला नाही. 1958 मध्ये ते गेले.

उत्तर 1969 मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी दिलं. पॅसिफिकवरचा वारा गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलतो, पेरूजवळ खालचं थंड पाणी वर येतं. दोन टोकांच्या तापमानातला हा फरकच वाऱ्याला जोर देतो. वारा मंदावला की गरम पाणी पूर्वेला सरकतं, फरक घटतो, वारा आणखी मंदावतो. लग्नाच्या मंडपात माइक स्पीकरसमोर गेला की शिट्टी वाढतच जाते ना, तसं. हा पॉझिटिव्ह फीडबॅक. (पॉझिटिव्ह म्हणजे चांगला नव्हे, इथेच सगळे फसतात.)

मग अल निनो कायमचा का राहत नाही? कारण समुद्राच्या पोटातले बदल काही महिन्यांनी उलटा जोर लावतात आणि पूर्वेकडे पुन्हा थंड पाणी वर येऊ लागतं. फ्रीज पुरेसा गार झाला की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो, तसा हा निगेटिव्ह फीडबॅक.

ब्यर्कनेस यांनी त्या वाऱ्यांच्या चक्राला नाव दिलं 'वॉकर सर्क्युलेशन'.

2023 मध्ये अल निनो आला आणि देशानं 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट पाहिला. 1997 चा अल निनो तर फारच तगडा होता, पण त्या वर्षी देशात पाऊस सरासरीइतका पडला.