तमाशाच्या फडातली पवळाबाई

थोरांची ओळख या सदरात मी या वेळी पवळाबाई हिवरगावकर यांची माहिती लिहिली आहे. तमाशाचं नाव काढलं की पुष्कळ घरांत मोठी माणसं कपाळाला आठ्या घालतात. तरी वाचा.

पवळाबाईंचा जन्म १८७० साली संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावी, एका महार कुटुंबात झाला. आडनाव भालेराव. लहानपणीच त्यांना खंडोबाला मुरळी म्हणून सोडलं होतं. मुरळी म्हणजे देवाला वाहिलेली मुलगी. तिचं लग्न देवाशी लावायचे, मग तिला दुसरा संसार नाही. जागरणात वाघ्याबरोबर गायचं आणि नाचायचं, हेच तिचं आयुष्य. ही चाल आता कायद्याने बंद आहे. त्या वेळी लहान मुलीला कोण विचारणार?

तेव्हा तमाशात बायका नसायच्या. नाच्या पोऱ्या लुगडं नेसून, पायात चाळ बांधून नाचायचा. गौळणीतली राधासुद्धा तोच व्हायचा. अशा फडात पवळाबाई उभ्या राहिल्या. तमाशात नाचलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. हे काम सोपं नव्हतं बरं का! तेव्हा लाऊडस्पीकर नव्हते. ढोलकी, हलगी आणि तुणतुण्याच्या गलक्यात आवाज मागच्या माणसापर्यंत पोचवायचा, पाय तालात ठेवायचे, चेहऱ्यावर लावणीचा अर्थ दाखवायचा, शिवाय सोंगाड्याला हजरजबाबी उत्तरही द्यायचं. हे सगळं रात्रभर.

पुढे त्यांची गाठ शाहीर पठ्ठे बापूरावांशी पडली. बापूराव म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते ब्राह्मण. घरची कुलकर्णीपणाची मिरास सोडून तमाशात आलेले, म्हणून त्यांच्या जातीने त्यांना दूर लोटलेलं. त्यांनी लावणी रचावी आणि पवळाबाईंनी ती नाचून दाखवावी. खेडोपाडी आणि मुंबईत, जिथे जातील तिथे लोटालोट गर्दी व्हायची. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली. त्याच्या कितीतरी आधी हे दोघे एका फडात होते. ज्या गावात विहिरीचं पाणी वेगळं, त्याच गावची माणसं पवळाबाईंना पाहायला रात्रभर मांडी घालून बसायची. सकाळी मात्र विहीर पुन्हा वेगळी. हे मला काही केल्या पटत नाही.

लोक अजूनही या जोडीला ‘बापूराव-पवळा’ म्हणतात. त्यांच्या नावाला राव लावतात, मग यांच्या नावाची बाई कुठे गेली? फड तर दोघांच्या जोरावर चालला. म्हणून मी सगळीकडे पवळाबाई असंच लिहिलं आहे.

दोघांचं नंतर जमेना आणि त्यांची फारकत झाली. बापूरावांच्या लावण्या कागदावर उतरल्या, त्यामुळे त्या आजही वाचता येतात. पवळाबाईंचा नाच मात्र ज्यांनी पाहिला त्यांनीच पाहिला. १९३९ साली त्या वारल्या. बापूराव त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, १९४५ च्या डिसेंबरात, पुण्यात गरिबीत गेले. हिवरगाव पावसा पुणे-नाशिक रस्त्यावर संगमनेरजवळच आहे. कधी त्या बाजूला गेलात तर गाडीतून गावाची पाटी बघा.